उमय्यद खिलाफत: जिंकता जिंकता बुडाली कशी?

बखरवाचक (धागाकर्ता)

मंडळी, शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं की महंमद बिन कासिमने इ.स. ७१२ मध्ये सिंध घेतला. त्याला पाठवलं कुणी, त्यामागे राज्य कुणाचं, त्या राज्याचं पुढे काय झालं, काही नाही. पान उलटलं की थेट गझनीचा महमूद. मधली तीनशे वर्षं पुस्तकाने गिळलेली.

ते राज्य दमास्कसच्या उमय्यद खलिफांचं. इ.स. ६६१ ला मुआवियाने सुरू केलं, ७५० ला संपलं. एकोणनव्वद वर्षं. ऐन भरात असताना एक टोक स्पेनमध्ये, दुसरं समरकंदला आणि तिसरं मुलतानला. ७११ ते ७१३ या तीनच वर्षांत त्यांचा सेनापती तारिक स्पेनमध्ये उतरतो, दुसरा सेनापती कुतैबा समरकंद घेतो आणि इकडे सिंधचा राजा दाहिर पडतो. आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत घराणं साफ.

माझं मत: अरब नसलेल्यांनी धर्म स्वीकारला तरी त्यांना बरोबरीचं मानलं नाही, तिथेच राज्याचं मरण होतं. या नवमुस्लिमांना मवाली म्हणत (इथे शिवी समजू नये). लढायला सोबत घ्यायचं, भत्ता कमी द्यायचा आणि वर जिझियाही वसूल करायचा. खुरासानात (इराणच्या पूर्वेकडच्या सुभ्यात) ते उठले आणि खेळ खल्लास. पटत नसेल तर झोडा.

कट्ट्यावरचा_नाना

जागा अडवून ठेवतोय. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

देवगिरीकर

चांगला विषय. पण बुडाली कशी हे बघायच्या आधी उभी कशी राहिली ते बघू, कारण रोगाचं मूळ तिथेच आहे.

मुआविया खलिफा व्हायच्या आधी वीसेक वर्षं सीरियाचा सुभेदार होता. बाप अबू सुफियान, म्हणजे मक्केत पैगंबरांचा बराच काळ कट्टर विरोधक. त्यामुळे 'उशिरा मुसलमान झालेलं घराणं' हा टोमणा त्यांना शेवटपर्यंत चिकटला. चौथे खलिफा आणि पैगंबरांचे जावई अली यांचा इराकमधल्या कूफा येथे ६६१ मध्ये खून झाला, त्यांचा मुलगा हसन याने दावा सोडला आणि मुआविया एकटा उरला. माणूस मुरलेला. त्याच्या नावावर एक वाक्य सांगतात: माझ्यात आणि लोकांत एक केस जरी असला तरी तो तुटू देणार नाही, ते ओढतील तेव्हा मी सैल सोडीन, ते सैल सोडतील तेव्हा मी ओढीन.

राज्य चालवायला त्याने जुनीच माणसं ठेवली. दमास्कसचं खजिन्याचं काम सरजून नावाच्या ख्रिश्चनाकडे होतं, दप्तर ग्रीकमध्ये. इराककडचं दप्तर फारसीत. सैन्याचा कणा सीरियातल्या अरब टोळ्या, त्यातही कल्ब टोळी, जिच्यातली त्याची बायको होती. म्हणजे साम्राज्य सगळ्यांचं, पण टेकू एका प्रांताचा, आणि त्या प्रांतातही ठरावीक टोळ्यांचा.

आणि मग जाता जाता त्याने मुलाला, यझीदला, वारस नेमलं. तोवर खलिफा कसा निवडायचा यावर वाद होते, पण बापाकडून मुलाकडे गादी ही चाल नव्हती. तिथून जे सुरू झालं ते करबलात पोचलं.

खानापूर_लोकल

करबलाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे कडेगावचे ताबूत सगळ्यांना माहीत आहेत. उंचच्या उंच ताबूत, त्यांच्या भेटी, आणि मानकऱ्यांत हिंदू घराणी. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघायचो. 'हसन-हुसेन' ऐकून माहीत होतं, पण समोरचा पक्ष कोण हे कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की ज्या यझीदच्या सैन्याने १० ऑक्टोबर ६८० ला हुसेन आणि त्यांच्या सोबतच्या मूठभर लोकांना मारलं, तो या घराण्याचा दुसराच खलिफा.

बखरवाचक, तुमच्या यादीत हे नाही याचं नवल वाटलं. पैगंबरांच्या नातवाला मारणारं घराणं लोकांच्या मनातून तेव्हाच उतरलं. पुढची सत्तर वर्षं निव्वळ तलवारीवर.

बखरवाचक

@खानापूर_लोकल, मन उतरलं हे मान्य. पण मन उतरून राज्य बुडत असतं तर ६८३ लाच बुडालं असतं. यझीद मेला, त्याचा मुलगा काही महिन्यांत गेला, मक्केत अब्दुल्ला बिन झुबैर खलिफा म्हणून बसला, आणि बऱ्याच प्रांतांनी त्याला मानलंही. तरी हे सावरले की!

नाणेगाठ

सावरले ते अब्दुल मलिकमुळे (६८५–७०५). माझा आवडता विषय, म्हणून जरा लांबण लावतो.

एका परिचितांच्या संग्रहातला वासितचा दिरहम हातात घेऊन बघायची संधी मिळाली होती. चांदीचा पातळ पत्रा, रुंदीने आपल्या जुन्या रुपयाच्या जवळपास पण वजनाला तीन ग्रॅमही नाही. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं. कोनीय कूफी लिपी, काने-मात्रे काही नाहीत, ओळी एकमेकींना खेटलेल्या. कडेने गोल फिरणाऱ्या मजकुरात 'अल्लाहच्या नावाने हा दिरहम वासित येथे पाडला' आणि साल. राजाचं नाव नाही, चेहरा नाही. कुठल्या खलिफाचा ते सालावरून ओळखायचं.

याची गंमत समजायची तर आधीचं चलन बघा. इराणच्या बाजूला अरबांच्या आधीच्या सासानी राजाचा मुकुटधारी चेहरा आणि मागे अग्निवेदी, फक्त कडेला 'बिस्मिल्लाह'. सीरियात रोमी सम्राटाची नक्कल, क्रॉसचा आडवा दांडा तेवढा काढलेला. मधे काही वर्षं तलवार घेऊन उभ्या खलिफाचंही चित्र आलं. आणि हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६–९७) एकदम सगळी चित्रं बाद. सोन्याचा दिनार सव्वाचार ग्रॅमचा, पुढच्या वर्षा-दोन वर्षांत चांदीचा दिरहमही तसाच. पुढे कित्येक शतकं मुसलमानी नाणं म्हटलं की हाच नमुना.

दप्तरंही त्याच काळात ग्रीक-फारसीतून अरबीत आली. जेरुसलेमचा घुमट त्याचाच, त्यावर हिजरी ७२ ची तारीख आहे. टोळ्यांची मोट होती तिचं सरकार झालं ते या माणसाच्या हातून.

फुलपात्र

नाणेगाठ, असे प्रतिसाद लिहीत जा हो. वाचनखूण साठवली.

सडेतोड_सदू

सगळं ठीक, पण त्या हज्जाजचं नाव अजून कुणी घेतलं नाही? सरकार झालं म्हणे. मक्केवर दगडफेकी यंत्रांनी मारा करून बिन झुबैरला मारणारा कोण? कूफ्याच्या मशिदीत उभं राहून 'डोकी पिकलेली दिसताहेत, तोडणीची वेळ झाली' म्हणणारा कोण? मूळचा ताइफचा शाळामास्तर म्हणतात. काही मास्तर असतातच तसे.

देवगिरीकर

सदूभाऊ, बरोबर. हज्जाज बिन युसुफ, ६९४ ते ७१४ इराक आणि सगळ्या पूर्वेचा सर्वेसर्वा. नाणेगाठ यांच्या हातात आलं ते वासितचं नाणं त्याच्याच शहरातलं. इराकी लोक वारंवार उठतात म्हणून कूफा आणि बसराच्या मधोमध त्याने हे नवं शहर वसवलं आणि तिथे सीरियाची पलटण ठेवली. त्यानंतर इराकींच्या लेखी हे परक्यांचं राज्य झालं.

पण खरी मेख पुढे आहे. महंमद बिन कासिम हज्जाजचा नातलग, कुतैबा त्याचा माणूस. ७१५ ला सुलैमान खलिफा झाला, तो हज्जाजच्या गोटाचा वैरी. हज्जाज आधीच मेला होता, मग सूड त्याच्या माणसांवर. बिन कासिमला सिंधमधून बेड्या घालून परत नेला आणि वासितच्या तुरुंगात छळ करून मारला. कुतैबा बंड करू गेला, त्याच्याच सैनिकांनी त्याला कापला. तिकडे स्पेन जिंकणारा मूसा बिन नुसैरही दमास्कसला अपमानित झाला. तीन दिशांचे तीन विजेते एका दमात निकालात. गादीवर माणूस बदलला की सुभेदार, त्याचे कारकून आणि त्याची टोळी, सगळ्यांचा हिशेब चुकता व्हायचा. हे दर खेपेला.

हिशेबनीस

धागाकर्त्याचं मत मला अर्धंच पटतं. मवाल्यांवर अन्याय झाला, पण तो दुष्टपणा म्हणून नाही, जमाखर्च जुळेना म्हणून.

राज्याचं उत्पन्न दोन वाटांनी: नव्या मुलखातली लूट आणि बिगर-मुसलमान प्रजेचा कर. खर्च मुख्यतः अरब सैनिकांचे भत्ते. म्हणजे प्रजेने धर्म बदलला की जमेची बाजू घटते आणि भत्ता मागणारे वाढतात. जितका धर्मप्रसार यशस्वी तितका खजिना रिकामा! हज्जाजने यावर उपाय म्हणून शहरात आलेल्या नवमुस्लिमांना परत गावी हाकललं, जा आणि जमीन कसा, कर भरा.

खलिफा दुसऱ्या उमरने (७१७–७२०) उलट केलं. मुसलमान झाला त्याचा जिझिया माफ. खुरासानच्या सुभेदाराला कुणीतरी सुचवलं की लोक कर चुकवायला मुसलमान होताहेत, सुंता झाली की नाही तपासा. उमरने लिहून पाठवलं की अल्लाहने महंमदांना लोकांना बोलवायला पाठवलं, सुंता करायला नाही. उत्तर झकास, पण तूट कुठून भरायची?

आता पुढचं बघा. ७२८ च्या सुमारास खुरासानचा सुभेदार अशरस याने समरकंदच्या लोकांना सांगितलं, मुसलमान व्हा, जिझिया माफ. लोक झुंडीने आले. वसुली करणारे स्थानिक जमीनदार बोंबलले की आता घ्यायचा कुणाकडून? सगळेच अरब झाले! अशरसने माफी मागे घेतली. लोक उठले आणि तुर्गेश तुर्कांना जाऊन मिळाले.

शेवटी नस्र बिन सैयार आला, ७३९ च्या आसपास त्याने खातेवह्या तपासल्या. इतिहासकार तबरी आकडा देतो: तीस हजार मुसलमान जिझिया भरत होते आणि ऐंशी हजार बिगर-मुसलमान सुटलेले होते. नस्रने ते दुरुस्त केलं. म्हणजे बंड झालं तेव्हा मुख्य तक्रार कागदावर तरी मिटलेली होती. मग बंड मवाल्यांचं कसं?

बखरवाचक

कागदावर मिटली म्हणजे मनातून मिटली का? तुम्ही मगाशी मन बाजूला ठेवायला सांगत होता.

हिशेबनीस

ते मी नाही, तुम्हीच म्हणालात, खानापूरवाल्यांना उत्तर देताना. वर जाऊन बघा.

कट्ट्यावरचा_नाना

संध्याकाळ झाली, पण लाइट गेलीय. उद्या सविस्तर.

अम्मानची_सून

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं जॉर्डनमध्ये आहे. अम्मानच्या पूर्वेला अझ्रकच्या रस्त्यावर वाळवंटात कुसैर अम्रा नावाची एक छोटी इमारत आहे. बाहेरून बघाल तर धान्याचं कोठार वाटेल, पिवळट दगडाच्या तीन कमानी आणि बाजूला विहीर. आत शिरलं की अंधाराला डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि मग भिंतभर चित्रं. न्हाणाऱ्या बायका, शिकार, रानगाढवं, तंतुवाद्य वाजवणारं अस्वल. हो, अस्वल! गरम पाण्याच्या खोलीच्या घुमटात राशिचक्र आणि तारे. एका भिंतीवर सहा राजे हात पुढे करून उभे आहेत, नावं ग्रीक आणि अरबीत: रोमचा कैसर, इराणचा किस्रा, हबश देशाचा नजाशी आणि स्पेनचा रॉडरिक, ज्याला तारिकने हरवलं तोच. चित्रं बरीच खरवडलेली आहेत, प्रवाशांनी नावंही कोरली आहेत. आपल्याकडच्या किल्ल्यांची आठवण येते.

साफसफाई करताना २०१२ मध्ये तिथे लेख सापडला, त्यात वलीद बिन यझीदचं नाव आहे. हाच पुढे दुसरा वलीद म्हणून खलिफा झाला. कवी, शौकीन. ७४४ मध्ये त्याच्याच चुलतभावाच्या गटाने त्याला मारलं. माझं मत विचाराल तर राज्य तिथे संपलं. घरातल्यांनीच खलिफाचं रक्त सांडलं, मग बाहेरच्यांना कसली भीती?

सडेतोड_सदू

म्हणजे नाचगाणी आणि दारू. तरी म्हटलं अजून कुणी कसं बोललं नाही. आपल्याकडेही राज्यं याच कारणाने बुडाली असं आजोबा सांगायचे.

निळी_शाई

सदूभाऊ, इथेच सावध व्हायला हवं. उमय्यदांबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बहुतेक त्यांना बुडवणाऱ्या अब्बासींच्या राज्यात लिहिलं गेलं. इतिहासकार बलाधुरी ८९२ ला वारला, तबरी ९२३ ला. यजमान अब्बासी असताना उमय्यदांची स्तुती कोण लिहिणार? म्हणून वलीद दारुडा, यझीद माकडं पाळणारा, आणि एकटा दुसरा उमर साधुपुरुष. अब्बासींनी दमास्कसला उमय्यदांच्या कबरी उकरल्या, त्यातही उमरची सोडली म्हणतात. पेशव्यांवरचा इंग्रजांनी लिहिलेला इतिहास जितका जपून वाचतो, तितकाच हाही वाचावा. अम्मानच्या ताईंचं अस्वल आणि नाणेगाठ यांचा दिरहम मला तबरीपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

दुसऱ्या वलीदच्या आधी हिशामने वीस वर्षं (७२४–७४३) राज्य केलं. काटकसरी, कामसू, हिशेबाला पक्का. ना नाच ना गाणी. आणि खरी पडझड त्याच्याच काळात झाली.

देवगिरीकर

निळी_शाई यांना +१. हिशामच्या काळात सगळ्या सीमांवर एकदम मार बसला. ७३० ला अर्दबीलजवळ कॉकेशसपलीकडच्या खझार टोळ्यांनी एक अख्खी फौज कापली. ७३१ ला समरकंदच्या वाटेवरच्या खिंडीत तुर्गेशांनी दुसरी. ७३२ ला फ्रान्समध्ये प्वातिएची हार, जिचं युरोपने फार कौतुक केलं, पण उमय्यदांच्या लेखी त्याहून मोठा दणका ७४० चा. उत्तर आफ्रिकेत तिथले मूळचे बर्बर लोक उठले. कारण पुन्हा तेच: मुसलमान होऊनही त्यांना जिंकलेल्या प्रजेसारखं वागवलं. ते दाबायला सीरियाची मोठी फौज पाठवली, तीही ७४१ मध्ये मारली गेली. उरलेसुरले स्पेनमध्ये निसटले. ज्या एका टेकूवर राज्य उभं होतं म्हटलं, तो टेकू असा चारी टोकांना पाठवून संपवला.

दख्खनी

चारी टोकांना म्हणालात, त्यातलं एक टोक आपल्या दाराशी होतं हे विसरू नका. सिंधचा सुभेदार जुनैद याच्यापासून कच्छ, सौराष्ट्र, माळव्यापर्यंत स्वाऱ्या चालू होत्या. (देवगिरीकरांनी सांगितलेल्या ७३१ च्या खिंडीतला सेनापतीही हाच जुनैद. इकडून बदली होऊन तिकडे गेला होता!) पुढे यांची एक फौज दक्षिणेत घुसायला नवसारीपर्यंत आली. तिथे बदामीच्या चालुक्यांच्या लाट (दक्षिण गुजरात) शाखेचा पुलकेशी, अवनिजनाश्रय, याने तिला धूळ चारली. त्याचा नवसारीचा ताम्रपट कलचुरी संवत ४९० चा, म्हणजे इ.स. ७३८–३९. त्यात ताजिकांच्या (म्हणजे अरबांच्या) सैन्याने आधी कुणाकुणाला हरवलं त्याची यादी आहे: सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर. आणि मग युद्धाचं वर्णन. बदामीचा राजा विक्रमादित्य दुसरा याने खूष होऊन त्याला पदव्या दिल्या, त्यातली एक 'अनिवर्तकनिवर्तयितृ', मागे न फिरणाऱ्यांना मागे फिरवणारा.

शाळेच्या पुस्तकात प्वातिए आहे, नवसारी नाही.

ठाण्याचा_वाघळे

नवसारी राहू द्या, आधी ठाणे! बलाधुरीतच आहे. उमय्यदांच्या आधीचे दुसरे खलिफा उमर (वरचा 'दुसरा उमर' नव्हे) यांच्या काळात, ६३६ च्या सुमारास, ओमानच्या सुभेदाराने न विचारता ठाण्यावर आरमार पाठवलं. परत आल्यावर उमरनी झापलं: तू किड्यांना लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, ती माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती. आजही ठाण्याला सकाळी लोकलने पोचणाऱ्याला हीच भावना असते.

फुलपात्र

😂 वाघळे, धागा तुमच्या नावावर करा.

बखरवाचक

विषयावर येऊ. मग शेवटचा घाव कुणाचा? खुरासानातून अब्बासींचे काळे झेंडे निघाले, त्यांचा पुढारी अबू मुस्लिम स्वतः मवाली होता. हे कसं नाकारणार?

देवगिरीकर

नाकारत नाही. पण बघा, खुरासानात अरब पलटणी दोन-तीन पिढ्या स्थायिक होत्या, मर्व शहराच्या आसपास शेती करत होत्या, स्थानिकांत सोयरिकी झालेल्या. त्यांच्यात कैस आणि यमन या दोन तटांचं वैर इतकं, की अबू मुस्लिमने ७४७ च्या जूनमध्ये झेंडे उभारले तेव्हा नस्र एका तटाचा म्हणून दुसरा तट त्याच्याशी लढण्यात गुंतला होता. अबू मुस्लिमने यमनींना आपल्याकडे वळवलं. त्याच्या सैन्याचा मोठा सरदार कहतबा हा अरबच. म्हणजे बंड अरब विरुद्ध मवाली असं सरळ नव्हतं, दोघांतले नाराज एकत्र आले होते.

आणि घोषणा किती हुशारीची! 'पैगंबरांच्या घराण्यातला, सर्वांना मान्य होईल असा.' नाव नाही. अलींच्या वंशजांना मानणाऱ्यांना वाटलं आपला माणूस येणार. ७४९ मध्ये कूफ्यात पडदा उघडला तर पैगंबरांचे चुलते अब्बास यांचा वंशज!

नस्रने दमास्कसकडे काव्यात पत्र पाठवलं होतं: राखेखाली निखारा दिसतोय, उमय्या जागे आहेत की झोपलेत? पण शेवटचा उमय्यद खलिफा दुसरा मरवान तेव्हा सीरियातच स्वतःच्या लोकांशी लढत होता. होम्सची तटबंदी पाडत होता, राजधानी हर्रानला हलवली होती. ज्या सीरियाच्या जिवावर नव्वद वर्षं काढली तिलाच त्याने शत्रू केलं. जानेवारी ७५० ला झाब नदीवर हरला, पळत पळत इजिप्तपर्यंत गेला. ऑगस्टमध्ये बूसिरला मारला गेला.

खानापूर_लोकल

आणि करबलाचा सूड म्हणून ज्यांनी राज्य मागितलं, त्यांनी पुढे अलींच्याच वंशजांना तुरुंगात टाकलं. वा.

अम्मानची_सून

एक जण मात्र निसटला. पॅलेस्टाइनमध्ये अबू फुत्रुस नदीकाठी उमय्यद राजपुत्रांना अभय देऊन बोलावून मारलं म्हणतात. हिशामचा नातू अब्दुर रहमान, वय विशीचं, फरात नदी पोहून पार गेला, धाकटा भाऊ काठावर परतला आणि डोळ्यांदेखत मारला गेला. आई बर्बर, म्हणून आफ्रिकेत आजोळचा आसरा. ७५६ ला कोर्दोबाचा अमीर. तिथे त्याला कुणी साथ दिली? देवगिरीकरांनी सांगितलेले, ७४१ च्या पराभवातून स्पेनमध्ये निसटलेले सीरियाचे सैनिक!

बखरवाचक

@देवगिरीकर, @हिशेबनीस, तुमचं म्हणणं असं दिसतं की मवाली हे एक कारण, पण घाव सीरियाच्या फुटीचा. मी तरी म्हणेन, ते मवाली बरोबरीने भत्ता घेत असते तर सीरियाची फौज आफ्रिकेत आणि खुरासानात खर्चच झाली नसती. बर्बर उठलेच नसते.

हिशेबनीस

आणि तो भत्ता द्यायला पैसे? अब्बासींनी तो प्रश्न कसा सोडवला तेही बघा. जमिनीवरचा कर जमिनीला लावला, मालकाचा धर्म कोणताही असो. जिंकणं जवळपास थांबवलं, व्यापाराचं बघितलं, ७६२ ला बगदाद वसवलं. आणि तुमच्या मवाली नायकाला, अबू मुस्लिमला, दुसऱ्याच अब्बासी खलिफाने ७५५ मध्ये भेटीला बोलावून मारून टाकलं.

फुलपात्र

म्हणजे अब्बासींवर वेगळा धागा हवा. कोण काढतंय?

हिशेबनीस

मी नाही. मार्च एंड आहे.

कट्ट्यावरचा_नाना

लाइट आली. पण सगळं लिहून झालेलं दिसतंय. देवगिरीकर, अब्बासींचा तुम्हीच काढा, मी तिथे जागा अडवतो.